चाळीस सेकंदांचा जागल्या

माझी बायको भित्री आहे. हे मी तिच्या माघारी सांगत नाही, गेली एकतीस वर्षं तिच्या तोंडावर सांगत आलो आहे. माहेरी तिला घाबरगुंडी म्हणायचे. पुढे त्याचं नुसतं गुंडी झालं, आणि सासूबाईंनी मुलीबरोबर ते नावही माझ्या स्वाधीन केलं.

मी लिफ्टचा मेकॅनिक. शहरातल्या निम्म्या लिफ्ट माझ्या हाताखालून गेल्या आहेत, आणि माझी बायको जन्मात लिफ्टमध्ये चढलेली नव्हती. ओळखीतलं कोणी आठव्या मजल्यावर राहायला गेलं की आमचा त्यांच्याशी संबंध संपला असं समजायचं. फोन वाजला की आधी तिच्या पोटात गोळा येतो, मग ती फोनकडे बघते. गॅस बंद केलाय का हे बघायला ती जिन्यातून दोनदा परत येते. रस्ता ओलांडताना माझा दंड असा आवळते की घरी आल्यावर वळ दिसतात.

पण या सगळ्यापेक्षा मला छळलं ते तिच्या एका प्रश्नाने. मी न्हाणीघरात जाऊन पाच मिनिटं झाली की बाहेरून हाक येते, "अहो, आहात ना?" कामावर असलो की दिवसातून तीन फोन, तोच प्रश्न. मी एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर मशीनमध्ये हात घालून बसलेलो असतो, हात ग्रीसने बरबटलेले, आणि खिशात फोन ठणाणा करतो. "आहात ना?" मी म्हणायचो, "नाही, वर गेलो!" एकदा ती खरंच रडली. तेव्हापासून मी दुसरा उपाय काढला. उत्तरच द्यायचं नाही. न्हाणीघराच्या दारावर थापा पडू लागल्या तरी मी आतून गप्प. बाहेर आलो की ती माझ्याकडे नुसती बघायची आणि स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, हळूहळू सुधारेल.

ती दात बनवते. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे छोटी खोली आहे, तिथे बसून मेणात एकेक दात लावून कवळ्या तयार करते. तोंडं बघावी लागत नाहीत, नुसते दात, म्हणून ते काम तिला आवडतं. हात इतका बारीक की काय सांगावं. त्याच हातांनी पुढे तिने रेल्वे मांडली.

रेल्वे म्हणजे पडद्यावरची. खेळण्यातल्या रेल्वेला घर मोठं लागतं, टेबलं लागतात. हिची सगळी रेल्वे दवाखान्यातून आलेल्या एका जुन्या संगणकात राहते. त्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला नुसती रिकामी हिरवी जमीन मिळते. त्यावर माउसने रूळ ओढायचे, वळण किती आवळायचं ते ठरवायचं, चढ द्यायचा, सांधे बसवायचे, सिग्नल उभे करायचे. मग शेड, पूल, झाडं, खांब. सगळं जमलं की गाड्या सोडायच्या आणि वेळापत्रकाप्रमाणे चालवायच्या. जी बाई खऱ्या फलाटावर खांबाला धरून उभी राहते, ती घरात बसून एका वेळी सहा गाड्या हाकते! मी म्हणायचो, गुंडे, तुझ्या रेल्वेत गाड्यांपेक्षा सिग्नलच जास्त. तेही खोटं नव्हतं. दर दोनशे मीटरवर एक सिग्नल, लाइन संपते तिथे एकाच्या जागी दोन अडथळे. पडद्यावरच्या गाडीने पडद्यावरून खाली पडू नये म्हणून.

तिने मांडला होता तो आमच्याच शहराचा मालधक्का. शहराच्या पूर्वेला मुख्य लाइनपासून एक एकेरी फाटा फुटतो आणि मालाच्या लांबलचक शेडपाशी येऊन संपतो. तिने आपल्या मांडणीची चित्रं असल्या छंदाच्या लोकांच्या फोरमवर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. "शेडला दारं सात आहेत. आपण सहा दाखवली आहेत. मी रोज पाहतो."

हिच्या तोंडचं पाणी पळालं. कोणीतरी बघतंय! दोन दिवस संगणकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप सातवं दार बसवलं. लगेच उत्तर. "आता बरोबर. मात्र सातव्याची बिजागरी डावीकडे हवी."

मी त्या माणसाचं नाव सातदार ठेवलं. ही त्यांना काका म्हणायची. सत्तरीपुढचे होते, एकटे राहायचे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी लिहिलं होतं, "पूर्वी पगार घेऊन चुका काढायचो, आता फुकट काढतो." हळूहळू त्यांनी मालधक्क्याचा तो तुकडा हिच्याकडून मागून घेतला आणि दोन वर्षं घासत बसले. भिंतीवरचे पोपडेसुद्धा जिथल्या तिथे.

पुढे दोघांचे चौघे झाले. एक निवृत्त गणिताचे मास्तर, एक शिंपी. दर रविवारी दुपारी दोन ते पाच चौघंही आपापल्या घरून नेटवर यायचे आणि हिच्या लाइनवर गाड्या चालवायचे. तिघे ड्रायव्हर आणि ही कंट्रोल. कोणती गाडी कुठे सोडायची, कोणाला थांबवायचं, सगळं हिच्या हातात. एकेरी लाइनवर एका वेळी एकच गाडी, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसायची. शेजारी एक वही. खऱ्या कंट्रोलसारखी मिनिटामिनिटाची नोंद करायची. बोलणं सगळं टाइप करून, कारण अनोळखी आवाजाची हिला भीती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रायव्हर जागा आहे ना हे बघायची एक सोय आहे. दर चाळीस सेकंदांनी ड्रायव्हरने स्पेसबार दाबायचा. नाही दाबला की शिट्टी सुरू होते, तरीही नाही दाबला की गाडीला आपोआप ब्रेक लागतो. या मंडळींनी त्या सोयीचं नाव ठेवलं होतं जागल्या. मास्तरांनी आणि शिंप्याने आपापला जागल्या पहिल्याच आठवड्यात बंद केला, कारण सुखाने चहा पिता येईना. सातदारांनी चालू ठेवला. हिने कारण विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं, "मी एकटा राहतो. तासाला नव्वद वेळा कोणीतरी विचारतं, जागा आहेस का. ते कशाला बंद करू?"

हिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, तुझा सख्खा भाऊ शोभतो.

एकदा त्यांनी लिहिलं, "कंट्रोलबाई, आपण एकाच शहरात राहतो. यजमानांना घेऊन चहाला या. पत्ता देतो."

माझ्या बायकोने काय उत्तर द्यावं? "काका, पत्ता देऊ नका. दिलात तर यावं लागेल."

मी तिला झापलं. म्हातारा माणूस प्रेमाने बोलावतोय, आणि ही! पण सातदार रागावले नाहीत. "बरं, नाही देत. मग इथूनच बघा," असं लिहून त्यांनी आपल्या तुकड्यात एक दृश्य साठवून ठेवलं आणि त्याला नाव दिलं, 'माझी खुर्ची'. त्यावर टिचकी मारली की त्यांच्या खिडकीतून जे दिसतं ते दिसायचं. ही अधूनमधून ते उघडून बघत बसायची. मला दोनदा बोलावलं, मी दोन्ही वेळा म्हटलं, बघतो नंतर.

आता त्या रविवारचं सांगतो.

मी जेवून आडवा झालो होतो. आठवडाभर दोरखंडांवर लटकणाऱ्या माणसाला रविवारची डुलकी म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. जरा डोळा लागला असेल-नसेल, तोच ही दारात.

"अहो, काकांची गाडी थांबलीय."

मी घड्याळाकडे बघितलं. तीन वीस. "सिग्नल असेल."

"हिरवा दिलाय मी. एकेरी लाइनवर मध्येच उभी आहे."

"मग चहा ठेवायला गेले असतील."

"लाइन अडवून? ते नाही जाणार. दोन वर्षांत कधी गेले नाहीत. जाताना लिहितात, दोन मिनिटं उठतो म्हणून."

"नेट गेलं असेल."

"नेट गेलं की गाडी राखाडी होते, मग संगणक स्वतः चालवतो तिला. ही लालच आहे. त्यावर पिवळा त्रिकोण आलाय, म्हणजे जागल्याने थांबवलीय. नेट चालू आहे, संगणक चालू आहे, आणि काका बटण दाबत नाहीयेत."

हे ती एका दमात बोलली. आज ते शब्द आठवले की कळतं, त्यात एकही शब्द भीतीचा नव्हता. लिफ्ट अडकली की मी जसा विचार करतो, वीज आहे, मोटर आहे, मग दार लागलेलं नाही, तसाच तिने केला होता. पण ऐकणारा मी होतो, आणि एकतीस वर्षांची सवय होती.

"म्हातारा माणूस आहे, बाथरूमला गेला असेल. गुंडे, राईचा पर्वत करू नकोस. झोपू दे मला."

ती मग गेली. मी कूस बदलली आणि चक्क झोपलो.

जाग आली ती तिच्या आवाजाने. ती फोनवर बोलत होती. अनोळखी माणसाशी, आपण होऊन. एवढ्यानेच मी ताडकन उठून बसलो.

"पत्ता नाहीये हो माझ्याकडे," ती म्हणत होती. "नाही, नावही पूर्ण माहीत नाही. मालधक्क्यासमोर कुठेतरी. पत्ता देत होते, मीच नको म्हटलं होतं... नाही हो, ठेवू नका. ऐका ना."

अँब्युलन्सवाल्यांनी फोन ठेवला. पत्ता मिळाला की करा म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

मी उठून बाहेर गेलो. पडद्यावर काळ्या पाटीवर लाइनचा नकाशा, त्यात एक पट्टी लालभडक आणि वर पिवळा त्रिकोण लुकलुकत होता. शेजारच्या चौकटीत हिची वाक्यं एकाखाली एक. काका, आहात ना? काका, आहात ना? मी मोजली नाहीत, पण पडदा भरला होता. मधे मास्तरांचं एक वाक्य, "नेट गेलं असेल हो. गाडी बाजूला काढा, माझी गाडी खोळंबलीय." आणि ही खुर्चीत पांढरी फटक, दोन्ही हात कीबोर्डवर.

तीन एक्केचाळीस झाले होते.

"खुर्ची दाखव," मी म्हटलं. "ती त्यांची खुर्ची."

तिने टिचकी मारली. समोर रूळ, रुळांपलीकडे शेड, शेडला सात दारं. शेडच्या मागे चार इमारतींच्या पाठी. कपडे वाळत घातलेल्या गॅलऱ्या, पाण्याच्या टाक्या. मालधक्क्याच्या त्या बाजूला अशा पाठी पाऊण किलोमीटर आहेत. आणि त्यांच्यासमोर, सातदारांच्या बाजूला, तितक्याच इमारती. घरोघर विचारत फिरायचं म्हटलं तर रात्र झाली असती.

"ह्यात काय ओळखायचं?" ती रडवेली झाली. "मी शंभरदा बघितलंय हो हे."

मी वाकून बघितलं. तिसऱ्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली होती. मशीन तापतं म्हणून अशा खोलीच्या भिंतीत पंखा बसवतात आणि त्यावर पट्ट्यांची जाळी. पट्ट्या आडव्या हव्यात, म्हणजे पाणी आत येत नाही. पडद्यावर त्या पट्ट्या उभ्या होत्या.

ती जाळी मी बसवली होती. चार वर्षांपूर्वी, घाईघाईत, आडव्याच्या जागी उभी. सिमेंट सुकल्यावर लक्षात आलं, आणि कोण बघतंय म्हणून तशीच सोडून दिली. साहेबांनी बघितली नाही, सोसायटीने बघितली नाही. समोरच्या खिडकीतल्या एका माणसाने बघितली होती, आणि होती तशी काढली होती.

"हे माझं काम आहे," मी म्हटलं. "ही इमारत मला माहीत आहे. ही अशी नाकासमोर दिसते म्हणजे त्यांची खिडकी बरोबर समोर. मजला कुठला?"

तिने काहीतरी दाबलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून किती उंच आहे तेही कळतं. "सोळा मीटर वीस."

मजल्याला तीन मीटर, खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे सव्वा मीटरच्या आतबाहेर. "पाचवा," मी म्हटलं आणि हत्यारांची पिशवी उचलली. "तू थांब. मी फोन करतो."

"मी येणार. ते तुम्हाला ओळखत नाहीत."

ते तिलाही ओळखत नव्हते. पण वाद घालायला वेळ नव्हता.

स्कूटरवर एरवी ती "हळू, हळू" म्हणत माझा शर्ट ओढते. त्या दिवशी मागून दोनच वेळा आवाज आला, दोन्ही वेळा "जोरात." गिअर टाकताना माझा हात घसरत होता. मी घाबरलो आहे हे मला कळत होतं आणि ते कोणाला सांगावं हे कळत नव्हतं. मागे बसलेल्या बाईला तर नाहीच.

शेडच्या बरोबर समोर, रुळांच्या अलीकडे, राखाडी रंगाची सहा मजली इमारत सापडली. वळून बघितलं. पलीकडच्या गच्चीवर माझी उभी जाळी. तळमजल्यावर जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची लिफ्ट होती, कंपनी दुसरीच. मी जिन्याकडे वळलो, कारण हिला जिनाच लागणार. मागे वळून बघतो तर ती लिफ्टमध्ये शिरलेली. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, ओठ हलत होते.

"दार लावा," ती म्हणाली.

मी दार लावलं. पाच मजले तिचे ओठ हलत राहिले. नंतर कळलं, ती आकडे मोजत होती.

पाचव्या मजल्यावर लांबट बोळ आणि चार बंद दारं. कोणतं वाजवायचं हे विचारायची वेळच आली नाही. डावीकडच्या शेवटच्या दारामागून शिट्टी ऐकू येत होती. बारीक, न थांबणारी, जागल्याची शिट्टी. आमच्या घरात ती कधी वाजली नव्हती. तो आवाज ऐकून ही भिंतीला टेकली.

शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. "तुम्ही त्यांचे कोण? सांगा जरा त्यांना. पाऊण तास झाला, डोकं उठलंय नुसतं. मी दोनदा भिंतीवर थापा मारल्या. म्हटलं, आजोबांची गाडी आली वाटतं."

"किल्ली आहे का तुमच्याकडे?"

किल्ली नव्हती. बाईचा चेहरा हळूहळू बदलला. मी पहार काढली. कुलूप साधंच होतं, चौकट मात्र जुन्या लाकडाची, जाम हलेना. तेवढ्यात ही मागे पुन्हा फोनवर होती. या वेळी पत्ता स्पष्ट सांगत होती. इमारत कोणती, मजला कुठला, दार कुठलं, लिफ्ट किती लहान, स्ट्रेचर उभं करून आणावं लागेल. शेवटचं ती कधी शिकली? एकतीस वर्षं माझी बडबड ऐकून शिकली असावी.

चौकट फाटली. आत एकच खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक. पडद्यावर इंजिनाच्या काचेतून दिसणारे रूळ, स्थिर. खुर्ची आडवी पडलेली. आणि तिच्या पलीकडे जमिनीवर सातदार, एका कुशीवर. माझ्या मनातले धिप्पाड, खाष्ट सातदार नव्हते ते. किरकोळ अंगाचा म्हातारा होता. अंगात स्वेटर, चष्मा कपाळावर चढलेला. डावा हात टेबलाच्या पायाशी. त्या हाताने त्यांनी कीबोर्डची वायर ओढायचा प्रयत्न केला असणार, कारण कीबोर्ड टेबलाच्या कडेला लोंबत होता. पण त्यांच्या हातापासून वीतभर वर.

मी जागच्या जागी उभा राहिलो. चाळीस फुटांवरून खाली बघणारा माणूस मी, माझी पाचावर धारण बसली. वाटलं, संपलं.

ही माझ्या अंगावरून पुढे गेली. जमिनीवर बसली, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि वाकून म्हणाली, "काका, मी कंट्रोल. आहात ना?"

काही झालं नाही. शिट्टी वाजत होती. मी पुढे होऊन स्पेसबार दाबला, आणि खोलीत एकदम शांतता झाली.

"काका, आहात ना?"

त्यांची बोटं तिच्या हातावर मिटली. मी बघितली. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यातून शब्द येईना, पण डोळे उघडले आणि तिच्यावर येऊन थांबले.

अँब्युलन्स यायला अठरा मिनिटं लागली. ती अठरा मिनिटं ही तशीच बसून होती. मनात मोजायची आणि विचारायची, "काका, आहात ना?" आणि बोटं मिटायची. एकदा उशीर झाला. मी भिंतीला धरून उभा होतो, आणि त्या उशिरात मला जी भीती वाटली ती मला शब्दांत सांगता येणार नाही. मग बोटं मिटली. शेजारची बाई पदर तोंडात धरून रडत होती. मीही रडत होतो, पण ते मला नंतर कळलं.

सातदार वाचले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "उजवा हात बहुतेक परत येणार नाही. वीस-पंचवीस मिनिटं आधी आणलं असतं तर कदाचित वाचला असता. कदाचित नसताही." आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. हिने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर हात धुवायच्या सूचना लावल्या होत्या, त्या वाचत राहिली.

त्याबद्दल ती आजवर एक अक्षर बोललेली नाही.

दोन महिन्यांनी ते घरी आले. बोलणं अजून अडखळत, निम्मं कळतं, निम्मं समजून घ्यायचं. दर गुरुवारी ही कामावरून परस्पर त्यांच्याकडे जाते, लिफ्टने, डोळे मिटून. चहा ती करते. त्यांचं घर माझ्या जाळीवरून कसं सापडलं तेही तिने त्यांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं आहे. लिहिलेलं पहिलं वाक्य तिने मला आणून दाखवलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत होतं, "यजमानांना सांगा, जाळी उलटी आहे." मी रजा टाकून ती जाळी काढून आडवी बसवली. खिडकीत ते बसले होते, तिथूनच त्यांनी हात केला. मग पडद्यावरच्याही पट्ट्या आडव्या झाल्या.

त्यांची मालगाडी दोन महिने तशीच लाइनवर उभी होती. मास्तर कुरकुरले नाहीत, आपली गाडी मुख्य लाइनवरच फिरवत राहिले. ज्या रविवारी सातदार परत आले, त्या रविवारी मी झोपलो नाही. हिच्या मागे स्टूल टाकून बसलो. लाल पट्टी हलली, गाडी पुढच्या भागात गेली. दर चाळीस सेकंदांनी त्यांनी बटण दाबलं की नावापुढे एक हिरवा ठिपका उमटायचा. आता मास्तरांच्या आणि शिंप्याच्या नावापुढेही उमटतो. मी ठिपके बघत बसलो होतो आणि एखादा जरा उशिरा आला की मी स्टुलावरून अर्धा उठत होतो.

ती पाणी आणायला उठली तेव्हा मी तिची वही चाळली. त्या रविवारचं पान सापडलं. बारीक, सरळ अक्षर. "३.१७ मालगाडी थांबली. ३.१९ सेक्शन बंद केला. ३.२० यांना सांगितलं." त्याखालची नोंद ३.४१ची होती. मधे तीन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. मी वही होती तशी मिटून ठेवली.

परवाची गोष्ट. मी न्हाणीघरात दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण. नळ चालू होता. मधेच लक्षात आलं की बराच वेळ झाला आणि बाहेरून हाक आलेली नाही. नळ बंद केला. भांड्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. उगाच, मी स्वतःला म्हटलं. पण वस्तरा केव्हाच खाली ठेवला होता. तसंच साबणाच्या तोंडाने दार उघडून मी ओरडलो, "अगं, आहेस ना?"

"आहे हो!" गॅलरीतून लगेच उत्तर आलं. ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

ती तशीच आहे. विचारणाऱ्याला ती कधी ताटकळत ठेवत नाही.